मधला चौकोन

कविता: झोरे, त्यु ओरे, एल ओरे. नू झोरियों, वू झोरिए, एल झोरे.

नवशी: अर्धे तं सारखेच ऐकू येतात गो.

कविता: सारखेच आहेत, काकी. लिहायला वेगळे, बोलायला जवळपास एकच.

नवशी: मग सकाळपासून हे फ्रेंच काय घोकतेस? आता ती बकरी पण बोलायला लागेल.

कविता: दोन अडतात ना. 'आम्ही केलं असतं' आणि 'तुम्ही केलं असतं'. नेमके तेच लागणार. फ्रान्सच्या प्रदर्शनवाल्या क्लेर बाईंना 'तुम्ही'च म्हणावं लागतं.

नवशी: त्यांच्यात पण मान देतात वाटतं.

कविता: देतात. आणि मी घाबरले की 'असतं' गळून पडतं. 'आम्ही केलं' एवढंच बाहेर येतं.

नवशी: एवढी मेहनत एका 'असतं'साठी?

कविता: जे झालं नाही, पण होऊ शकलं असतं, ते सगळं त्यात बसतं. आधी एक सोबतीचं क्रियापद घ्यायचं, त्याचं रूप बदलायचं, मग पुढे खरं क्रियापद ठेवायचं. सोबती दोन आहेत. बहुतेकांना पहिला चालतो. जाणं, येणं, जन्मणं, मरणं, अशा थोड्यांना दुसराच लागतो.

नवशी: जन्मणं-मरणं आपण पण वेगळंच धरतो. त्यात काय एवढं.

कविता: असं का, ते मी ऑनलाइन क्लासच्या मॅडमना विचारलं. म्हणाल्या, पाठ कर. केमिस्ट्रीच्या सरांनी असं उत्तर दिलं असतं तर मी वर्गात भांडले असते.

नवशी: भांडलीच असशील. चहा घे, निवला.

कविता: नको. काकी, अजून एकदा विचारू?

नवशी: विचार. पण उत्तर तेच हाय.

कविता: कापडावरच्या मधल्या चौकोनात देवी काढायला तुला किती वेळ लागेल?

नवशी: वेळ लागत नाय. तांदळाचं पीठ भिजवलेलं हाय, काडी हाय. बसले तं दिवस मावळायच्या आत होईल.

कविता: मग?

नवशी: मग काय. घरात लग्न नाय, देवीचा चौक कसा लिहू?

कविता: तू फोटोसारखं करून देते म्हणाली होतीस. मी तुझ्यासमोर क्लेर बाईंना 'हो' लिहिलं. आपल्या घरच्या हिरूच्या लग्नातल्या भिंतीचा फोटो त्यांनीच काढलेला. त्यात मध्ये पालघट देवी आहे.

नवशी: फोटोत लग्न पण होतं. मांडव नाय दिसला तुला?

कविता: मांडव कोपऱ्यात होता, काकी.

नवशी: कोपऱ्यात असला तरी होता ना? मी सगळं फोटोसारखं केलं. झाडं केली, तारपा वाजवणारा केला, नाचणारे केले. चौकोन आखून ठेवला, चारी बाजूंची नक्षी भरली. लग्न नाय म्हणून देवीला बोलावली नाय. मला वाटलं, तुला कळलं असेल.

कविता: मला वाटलं, अजून काम बाकी आहे. तसाच फोटो पाठवून दिला काल.

नवशी: आणि ती रागावली?

कविता: रागावल्या नाहीत. लिहिलंय, फार सुंदर आहे, पण मध्ये रिकामं का, घाईत राहिलं का? प्रदर्शनात तेच कापड सगळ्यात पुढे लावायचं होतं त्यांना. आता पूर्ण होणार नसेल तर दुसऱ्या कोणाचं बघावं लागेल. आज चारला फोनवर बोलू म्हणाल्या.

नवशी: मग दुसऱ्याचं घेऊ दे. वाईट नाय वाटणार मला.

कविता: मला वाटेल. कापड प्रदर्शनात गेलं तर आपलं दोघींचं जाणं होणार. तू चित्रवाली, मी दुभाषी. नाही तर नाही. पासपोर्ट काढून ठेवलेत आपण.

नवशी: माझा तं दोनदा फोटो काढला त्या माणसाने. हसू नका म्हणे. असं कोणी म्हटलं की हसू येतं.

कविता: आणि बाबा म्हणालेत, हे जाण्याचं काही जमलं नाही तर ह्या उन्हाळ्यात लग्न. उधव्याच्या त्या स्थळाच्या लोकांना निरोप पण देऊन ठेवलाय.

नवशी: माहीत हाय. तुझं लग्न असतं तं मी कधीच चौक लिहिला असता. भिंतीवर पण, कापडावर पण.

कविता: म्हणजे फ्रान्सला जायचं तर चौक पाहिजे, चौक पाहिजे तर लग्न पाहिजे, आणि लग्न झालं की कोण पाठवतंय फ्रान्सला.

नवशी: तुझ्या कॉलेजात शिकवलेलं दिसतं हे.

कविता: काकी, डहाणूच्या बाजारात कापडावर देवी मिळते. पिशवीवर मिळते. चहाच्या कपावर पण बघितली मी.

नवशी: मिळू दे. मी कोणाला नावं ठेवते का? त्यांच्या घरात चालत असेल. ह्या घरात माझी सासू लग्नाशिवाय लिहीत नव्हती, मी पण नाय.

कविता: मी लिहिली तर?

नवशी: तू सवाशीण कुठं हायेस? आणि तुझा हात वाकडा. मागे मोर काढलास तं सगळे विचारत होते, कोंबडी का.

कविता: तो मोरच होता.

नवशी: असेल. हे बघ पोरी, खोटं काय बोलायचं नाय. जे हाय ते तिला सांग. बाई समजूतदार वाटली मला. लग्नात जेवायला पंगतीत खाली बसली, भात परत मागून घेतला.

कविता: जे आहे ते सांगायलाच तर हे वाक्य पाहिजे. 'घरात लग्न असतं तर काकीने देवी रंगवली असती.' एल ओरे पँ.

नवशी: रंगवली नाय. लिहिली.

कविता: फ्रेंचमध्ये चित्र लिहीत नाहीत. बाईंना वाटेल तू देवीवर निबंध लिहितेस.

नवशी: वाटू दे. रंगवतो तो दुकानाच्या पाट्यावाला. आपण लिहितो.

कविता: मग एल ओरेतेक्री. हे अजून कठीण. जोडून म्हणावं लागतं. ओरे-ते-क्री. ओरे-ते-क्री.

नवशी: चार वाजले बघ. इथं नको, हापशीजवळ चल. इथं पलीकडची रेंज धरून फोन गुजरातचा होऊन बसतो.

(हापशीजवळ. व्हिडिओ कॉल लागतो. क्लेर आणि कविता फ्रेंचमध्ये बोलतात, ते इथे मराठीत.)

क्लेर: नमस्कार, कविता. नमस्कार, मादाम नवशी. तुमच्यामागे ती बकरी आहे का?

कविता: हो. ती आमचीच आहे. क्लेर बाई, मी आधी चौकोनाबद्दल बोलते. नाही तर मी विसरेन.

क्लेर: बोला. सावकाश बोला, मला घाई नाही.

कविता: काकीने देवी लिहिली.

क्लेर: लिहिली? कापडावर? फोटोत तर मला दिसली नाही.

कविता: नाही, नाही. माफ करा. लिहिली असती. घरात लग्न असतं तर तिने देवी लिहिली असती.

क्लेर: तुम्ही 'लिहिली' म्हणता. रंगवली ना?

कविता: आमच्याकडे लिहितात. देवीचा चौक लग्नातच लिहितात, आमच्या घरात तरी. लग्न झालेल्या बायका लिहितात. देवीला त्या लग्नासाठी बोलावतात. आत्ता आमच्याकडे कोणाचं लग्न नाही, म्हणून तिची जागा आखून ठेवली आणि तिला बोलावलं नाही.

क्लेर: म्हणजे त्या दिवशी भिंतीवर मी जे बघितलं, ते सजावटीसाठी नव्हतं?

कविता: नाही. मांडव जसा लागतो, तसा चौक लागतो.

क्लेर: आणि मी लग्नाशिवाय मागितला. मी आधी विचारायला हवं होतं.

कविता: मी पण आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं, काम बाकी आहे.

नवशी: काय म्हणते ती? चेहरा पडला का तिचा?

कविता: थांब काकी. विचार करतायत.

क्लेर: कविता, मादाम नवशींना विचाराल का? हे कापड असंच लावलं, मधला चौकोन मोकळा ठेवून, तर त्यांना चालेल का?

कविता: काकी, असंच लावलं तर चालेल का विचारतायत. रिकामंच.

नवशी: मी दिलंय तसंच ना? मग चालेल की. फक्त तिथं कोणी पेनाने काय भरू नका म्हणावं.

कविता: चालेल म्हणते. तिथे दुसऱ्या कोणी काही काढू नये, एवढंच.

क्लेर: कोणी हात लावणार नाही. आणि तुम्ही आत्ता बोललात ते वाक्य मी खाली लावते. 'घरात लग्न असतं तर', तिथपासून. तुमच्या भाषेत पण द्या. 'लिहिली असती' असंच ठेवूया, मला ते आवडलं.

कविता: पाठवते. आजच पाठवते.

क्लेर: लोक तुम्हाला पुष्कळ प्रश्न विचारतील. नोव्हेंबरमध्ये दोघींना रोज थोडा वेळ तिथे उभं राहावं लागेल. चालेल ना?

कविता: दोघींना?

क्लेर: अर्थात. उत्तरं त्या देणार, मला कळायला तुम्ही हव्यात. आणि अजून एक. तुमच्या घरी पुढचं लग्न असेल तेव्हा मला बोलवाल?

कविता: काकी, पुढच्या लग्नाला बोलवा म्हणतायत.

नवशी: बोलव की. कोणाचं ते पण सांग तिला.

कविता: ते नाही सांगणार मी.

क्लेर: काय म्हणाल्या त्या?

कविता: म्हणाली, कविताच्या लग्नाला या.

क्लेर: अरे वा, अभिनंदन. कधी आहे?

कविता: ते अजून काही ठरलेलं नाही. मुलगा पण नक्की नाही.

क्लेर: मग मला आत्ताच तिकीट काढायला नको. ठेवते. आमंत्रणाचं पत्र ह्या आठवड्यात पाठवते. बकरीला नमस्कार सांगा.

नवशी: एवढं काय हसली ती?

कविता: तुझ्यामुळे. काकी, कापड घेतलं त्यांनी. नोव्हेंबरमध्ये दोघींना बोलावलंय.

नवशी: नोव्हेंबरात भात कापून झालेलं असेल. चांगलंय. थंडी असते का तिथं?

कविता: खूप.

नवशी: मग तुझ्या काकाचा तो स्वेटर नेते. त्याला काय तो होत नाय आता, पोट बघितलंस का? आणि भात मिळतो ना तिथं?

कविता: मिळतो. महाग असेल, पण मिळतो.

नवशी: तू अशी का बसलीस गो? झालं ना तुझ्या मनासारखं.

कविता: झालं. पण बाबा. उधव्याचे लोक येणार आहेत पुढच्या रविवारी. ते आल्यावर काय सांगू त्यांना?

नवशी: तू काय सांगू नको. तुझ्या बापाला मी सांगते, त्या लोकांना पण मीच सांगते.

कविता: काय सांगशील?

नवशी: आधी जाऊन येऊ म्हणून. चौक मग लिहू, भिंत कुठं जाते.