पाटीवरची बुरशी

खरं बोलून माल खपत नाही, हे मला यंदा रताळ्यांनी शिकवलं. कृषी सहायकाचं ऐकून मी वेल लावतानाच मुळांशी एक उपयोगी बुरशी घातली आणि रासायनिक खत निम्म्यावर आणलं. ती बुरशी म्हणे मुळांना लांबून अन्न आणून देते. रताळी अशी पोसली की बघत राहावं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी नेवासा रोडला टेम्पो लावला आणि मोठ्या अभिमानानं पाटी लिहिली : ‘बुरशीवर पोसलेली रताळी’.

लोक गाडी थांबवायचे, पाटी वाचायचे आणि निघून जायचे. एक बाई तर म्हणाल्या, "दादा, खराब माल निदान लपवून तरी विका!"

दुपारपर्यंत किलोभरही खपेना. उपास होऊन गेल्यावर एवढी रताळी कोण घेणार? डबा घेऊन आलेल्या बायकोनं पाटी वाचून कपाळावर हात मारला.

"अवो, बुरशी कोन खाईल? त्या पुड्यावर काय नाव हुतं?"

"मायकोरायझा."

"मग तेच लिवा की!"

लिहिलं. तासाभरात टेम्पोभोवती गर्दी. पुण्याकडचे एक गृहस्थ तर पाच किलो घेता घेता आपल्या बायकोला मायकोरायझाचे फायदे समजावून सांगत होते. मला राहवेना.

"साहेब, ती बुरशीच हाय."

त्यांनी प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, पिकवता छान. पण जरा वाचत जा."