सगळ्या मंडळीसमोर

बसच्या रांगेत माझ्या मागे एक तरुण जोडपं उभं होतं. दोघं नुकतीच चर्चमधून आली होती.

“पाळकसाहेबांना कुणी सांगितलं?”

“अगं, हळू बोल.”

“मी हळू बोलू? ते तर माइकवरून बोलले! ‘शहरात नव्याने आलेल्या या बहिणीचं बाळ पोटातच गेलं, तिच्यासाठी प्रार्थना करू या.’ सगळी मंडळी माना वळवून बघत होती.”

“त्यांचा हेतू चांगला होता गं.”

“चुलीत गेला हेतू! त्या बायकांना अजून माझं नाव माहीत नाही, आणि हे माहीत झालं. तूच सांगितलंस ना?”

“हो. पण एकट्यात सांगितलं होतं. ते असं सगळ्यांसमोर बोलतील असं वाटलं नव्हतं.”

“सांगितलंस कशाला?”

“रडू आवरत नव्हतं. या शहरात दुसरं कोण आहे आपलं?”

“मी काय मेले होते?”

“तुझ्यासमोर रडलो असतो तर तू आणखी खचली असतीस.”

“म्हणजे मी घरात एकटीने रडायचं आणि तू पाळकसाहेबांपुढे! मला वाटत होतं, तुला काही झालंच नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“बघतोस काय नुसता? रड आता माझ्यापुढे. बस यायला वेळ आहे.”