बसायचं म्हणजे बसायचं!

...अहो, पण दगड किती गार असावा याला काही सुमार? बूट काढा म्हणाले, काढले. मोजे काढा म्हणाले, काढले. टोपी काढा... तीही काढली! म्हटलं, आणखी काय काढू? तर तो गाईड मला म्हणतो, “काका, आता फक्त आवाज काढू नका!” मला! आणि तुम्हाला सांगतो, आमची अख्खी टूर खो खो हसली. सगळ्यात मोठ्याने कोण? आमची ही!

म्हणजे मंदिराबद्दल माझी तक्रार नाही हं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध मंदिर, मिठीत मावणार नाहीत असे लाकडी खांब, आत दोन मजले उंचीचा दगडी बुद्ध, आणि चेहऱ्यावर अशी शांती, अशी शांती... की यांच्याकडे कधी कुणी पाहुणे राहायला आले नसावेत असंच वाटतं! पण तिथली एक पद्धत आहे. बुद्धासमोर चटईवर बसायचं, हवा तेवढा वेळ बसा, कोणी उठवणार नाही. मात्र तोंडातून एक शब्द निघाला, की कोपऱ्यातले म्हातारे भिक्खू उठतात, तुमच्यापुढे वाकून हात जोडतात आणि तुम्हाला अलगद दारापर्यंत पोचवून येतात. रागावणं नाही, ओरडणं नाही, घरी आलेल्या जावयाला निरोप द्यावा तसं!

हे ऐकलं मात्र, आमची ही म्हणाली, “म्हणजे हे आत गेले काय नि बाहेर आले काय!” आणि माझा साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जो टूरवर सुद्धा इस्त्रीचा शर्ट घालतो, तो म्हणतो, “भाऊसाहेब, तुम्ही बाहेरूनच नमस्कार करा ना, म्हाताऱ्यांना कशाला हेलपाटा?” आता मला सांगा, मी काय एवढा बोलतो? बोलतो, पण कामाचं बोलतो ना! एकदा एक विषय निघाला, त्यातून दुसरा निघाला, तर तो काय अर्धवट सोडायचा? पण म्हटलं, थांबा. आज मी यांना दाखवतोच. आज मी बसणार. बसायचं म्हणजे बसायचं!

बसलो. मांडी घातली, डोळे मिटले. आणि डोळे मिटल्याबरोबर नाकाला खाज! एरवी वर्षभर त्या नाकाला काही होत नाही हो! मग पायाला मुंग्या. त्या मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या, कमरेपर्यंत गेल्या, आणि मग पाय गेलाच... म्हणजे तो आहे की साडूने उचलून नेला, काही कळेना! उठायची सोय नाही, ओरडायची सोय नाही. पण हललो नाही. बसायचं म्हणजे बसायचं!

तेवढ्यात शेजारून आवाज आला, “अगं, याचा फ्लॅश कुठून बंद करतात?” साडू! मी एक डोळा किलकिला केला. भिक्खू उठले, वाकले, हात जोडले, निघाली वरात दाराकडे. काय सांगू तुम्हाला, आतून मला उकळ्या फुटत होत्या, पण तोंडावर बुद्ध! भिक्खू दाराशी गेलेले बघून ही हळूच माझ्या कानाशी आली. “अहो, पाण्याची बाटली तुमच्याकडे आहे का?” मी गप्प. “अहो?” गप्प. “भावोजींनी नवी कोरी गाडी घेतली हं.” आता ती नवी कोरी नाही! ती त्यांच्या साहेबांनी वापरून टाकलेली आहे, मला सगळं माहीत आहे, ओठांवर आलं होतं... गिळलं! ही चाटच पडली. “अगंबाई, यांची तर समाधी लागली!”

भिक्खू परतले, ही गप्प. मग मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी शिंकून “सॉरी” म्हणाला, त्याला घेऊन भिक्खू निघाले, आणि ही पुन्हा कानाशी. “ऐकू जात नाहीये ना? मग सांगूनच टाकते. मला नाही जायचं पोराकडे राहायला.”

तुम्हाला सांगतो, त्या दगडापेक्षा गार झालो मी! कारण ते ठरलेलं होतं हो! राहतं घर विकायचं, पोराच्या शहरात जायचं, परतल्यावर सह्या करायच्या, मी पोराला फोन करून कळवलंसुद्धा होतं! ही सांगत होती, “तिथल्या खिडकीतून समोरच्यांचे पाण्याचे पाइप दिसतात. माझा शिवणाचा क्लास इथे आहे. बायका येतात, मशीन चालवता चालवता मन मोकळं करतात. तिथे मी कुणाशी बोलू? आणि यांनी मला विचारलंच नाही. म्हणजे विचारलं... पण उत्तरही यांनीच दिलं.”

भिक्खू आले. ही गप्प. आणि मी डोळे मिटून तिथे... अहो, आठवत होतो मी! खरंच तसं झालं होतं! “तुला आवडेल ना? आवडेलच म्हणा!” असं एका दमात बोललो होतो मी. लाज वाटली हो. वळून तिचा हात धरावासा वाटला, पण तिला वाटत होतं मला ऐकू येत नाही, म्हणून तर ती बोलत होती! मी हललो असतो तर तिचं बोलणं तिथेच संपलं असतं. म्हटलं, आता तर मुळीच उठायचं नाही. पाय तुटो की राहो. बसायचं म्हणजे बसायचं!

शेवटी मंदिर बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा त्या भिक्खूंनी आणि गाईडने मिळून मला उभं केलं. पाय लुळा! भिक्खू माझ्याकडे आदराने बघतायत, टूरमधल्या बायका नमस्कार करतायत, आणि साडू बाहेर पायरीवर अनवाणी, बूट आतच राहिलेले! बसमध्ये मी हिला म्हटलं, “ध्यानात मला आतून उमगलं, घर विकायचं नाही.” हिने खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. पोराला फोन केला, सह्या रद्द. झालं! तिला वाटतं बुद्धाने ऐकलं. वाटू दे!

पण आता? आता रोज सकाळी, “अहो, ध्यानाला बसा!” क्लासच्या खोलीत कोपऱ्यात चटई. मी डोळे मिटले की ही बोलायला लागते. चांगलं आहे, मी ऐकतो, तीस वर्षांचं साठलंय. पण हिने क्लासच्या बायकांना सांगितलं ना! “यांना काही ऐकू जात नाही, तुम्ही खुशाल बोला.” आता त्या बोलतात! खालच्या मजल्यावरची सासूबद्दल बोलते, मग ती गेली की सासू येते काजं करायला, ती सुनेबद्दल बोलते! सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको तर असं काही सांगून गेली परवा... अहो, अख्ख्या बिल्डिंगची अंडीपिल्ली माझ्याकडे! आणि माझ्यासारख्या माणसाला, म्हणजे मला, एक अक्षर बोलायची बंदी! ही काय शिक्षा झाली? पोट फुगलंय हो! म्हणून तर आज इथे स्टेजवर तुमच्यासमोर उभा राहिलो, म्हटलं हे परके लोक आहेत, यांना सांगायला काय हरकत आहे? तर ऐका, सेक्रेटरीची बायको म्हणाली...

काय? कोण आलंय? शेवटच्या रांगेत? ...ही?

कधीपासून? ...मोज्यांपासून?

...असू दे. चटई द्या इकडे.