चाळीस मीटर

“मावशी, सरका जरा,” चेहऱ्याकडे न बघताच म्हणत विद्यापीठात भूगोल शिकवणारी गार्गी कामठीच्या शेअर ऑटोत घुसली. तिच्या पिशवीत विणकरांचे भरलेले फॉर्म होते. मावशी सरकली आणि मैत्रिणीशी बोलत राहिली. मैत्रिणीनं विचारलं,

“तुया घरी येते थे भूगोलवाली काय करते वं?”

“लूमचा अभ्यास. तिच्यासंगं शिकवणारा एक सर बर्फाचा डॉक्टर हाय म्हणे. नागपुरात!”

“अवं माय!”

“दुसरा आधी इंजिनिअर होता. आता उपग्रहातून नदी पाहते. काठावर गेला का नाकाले रुमाल.”

“अन् तिनं काय पाहिलं?”

“कागद. परवा विचारे, रोज किती मीटर कपडा निघते? म्हटलं, चाळीस.”

“पण लूम तं भंगारात देली ना तुम्ही!”

“दोन वर्षं झाले. थे तिच्या फॉर्मात नाही.”

“मंग तिले सांगत काहून नाही?”

“सांगूनच तं राहिली. हे काय, मले खेटून बसली हाय.”