सायाळीचे काटे

विठुराया, तुझ्या चरणी मस्तक ठेवून सांगतो. उणेअधिक पोटात घाल.

काटोलजवळच्या आमच्या शेतात सायाळ संत्र्याची मुळे उकरायला येते. परवा आमच्या वासराने तिला हुंगले आणि तोंडात काटे भरून घेतले. शेजारच्या शेतातल्या शेषरावांनी वासरू धरले, मी पकडीने काटे उपसले. दुपारपर्यंत दोघेही गळून गेलो. प्रश्न उरला काटे टाकण्याचा, कारण ज्याच्या दारी सायाळीचा काटा, त्याच्या घरी भांडण, असे आपल्याकडे मानतात.

"धुऱ्यापलीकडे टाकतो," मी शेताच्या बांधाकडे हात करून म्हणालो.

"तिकडे माहं वावर हाय, बुवा. माह्या घरी काहून भांडण लावता?"

"मग माझ्या घरी लागू देऊ काय?"

आवाज चढले. शेषराव पाठ फिरवून निघाले.

तेव्हा गोठ्यातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "काटे अजून तुमच्या मुठीतच हायेत, अन् भांडण लागलं बी. उद्या सायाळ पुन्हा येईन, तवा वासरू कोण धरन?"

काटे सौभाग्यवतींनीच चुलीत घातले. मी शेषरावांना हाक मारली, ते परत आले, आणि त्याच चुलीवरचा चहा आम्ही दोघांनी घेतला.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचा गोठा सुखी राहो, आणि धुऱ्यापलीकडचा माणूस त्याच्या हाकेला येवो.