घरचं बुकिंग

सुजाता: लिंबू धरा हो, नुसते उभे काय राहिलात? चाकाखाली ठेवायचंय.

उपेंद्र: कुणाच्या चाकाखाली? ही गाडी कुणाची?

सुजाता: तुमच्या लेकीची. सकाळी मिळाली. तुम्ही कामावरून आलात की सांगायचं ठरलं होतं, ते आता सांगितलं.

उपेंद्र: सुजाता, ही चिनी गाडी आहे.

सुजाता: असेल. रंग छान आहे.

उपेंद्र: काव्या जन्मली त्या वर्षापासून मी अमेरिकन गाड्या विकतोय, आणि माझ्या घरात चिनी गाडी? थांब, मला बसू दे.

सुजाता: त्या कट्ट्यावर बसा, पण लवकर उठा. बिल्डिंगच्या फरशीवर नारळ फोडला की वॉचमन कटकट करतो, म्हणून मुद्दाम इथे मागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये आणलीय गाडी.

उपेंद्र: कावू, भाड्याची आहे ना ही? मैत्रिणीची वगैरे?

काव्या: नो, बाबा. माझी आहे. माय फर्स्ट कार. जॉब लागल्यापासून सेव्ह करत होते.

उपेंद्र: अगं, पण मी तुझ्यासाठी गाडी बुक केलीय.

सुजाता: काय केलंय?

उपेंद्र: बुकिंग. हिच्या नावाने. आमची छोटी एसयूव्ही, पांढरी. उद्या सकाळी डिलिव्हरी.

काव्या: व्हॉट? मला न विचारता?

उपेंद्र: विचारायचं काय त्यात? माझी मुलगी दुसऱ्याच्या शोरूमची पायरी चढेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

सुजाता: पण एवढी घाई कसली होती तुम्हाला?

उपेंद्र: आमच्या मॅनेजरने, नोमानसाहेबांनी, केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, अमेरिकन गाड्यांचा अर्धा हॉल रिकामा करतोय, तिथे नवा चिनी ब्रँड येतोय. तुम्हा चौघा सेल्समनपैकी दोघेच राहणार. या महिन्यात ज्याची एकही गाडी जाणार नाही, त्याने दुसरी नोकरी, दुसरा व्हिसा बघावा. माझी एकही गेली नव्हती गं. मी म्हटलं, सर, एक पक्की आहे, घरचीच आहे. त्यांना शब्द देऊन बसलोय. इथले लोक इन्शाल्ला, देवाची इच्छा असेल तर, एवढं तरी म्हणतात, मी तेवढंही म्हटलं नाही.

सुजाता: आणि घरी अवाक्षर नाही. माझा इथे राहायचा व्हिसा तुमच्याच व्हिसावर आहे, आणि मला हे इथे, पार्किंगमध्ये कळतंय.

उपेंद्र: घाबरशील म्हणून नाही सांगितलं.

सुजाता: मग आता काय हसतेय मी?

काव्या: बाबा, ही आता परत नाही करता येणार. रजिस्ट्रेशनसुद्धा झालंय.

उपेंद्र: पण का, कावू? एवढं तरी सांग. आमच्या गाड्यांत काय कमी होतं?

काव्या: तूच तर सांगितलंस सगळं.

उपेंद्र: मी?

काव्या: जेवताना. एव्हरी नाइट. तूच म्हणायचास, जपानी गाडीशी रीसेलवर भांडताच येत नाही, म्हणून आम्ही इंजिन आणि रुबाब विकतो. मग चिनी आले, मोठा स्क्रीन आणि लांब वॉरंटी घेऊन. तर तुम्ही फ्री सर्व्हिसिंग द्यायला लागलात. आणि पार्ट यायला उशीर झाला की कस्टमर तुला शिव्या घालतो. तू म्हणायचास, स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्याने आधी वॉरंटी वाचावी. सो आय रेड इट.

उपेंद्र: ते घरातलं बोलणं होतं गं.

काव्या: मी घरातच होते, बाबा.

सुजाता: आणि तुमची स्वतःची गाडी कुठली हो? ही शाळेत जायची तेव्हापासून ती जपानीच आहे ना? गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून शोरूमच्या मागे, वर्कशॉपच्या भिंतीआड लावता. मग उन्हातून घाम पुसत वळसा घालून पुढच्या दारातून असे शिरता, की वाटावं आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाडीतूनच उतरलात.

उपेंद्र: सगळेच लावतात तिथे. नोमानसाहेबांचीही तिथेच असते.

सुजाता: मग तर बघायलाच नको.

काव्या: आणि बाबा, तू बुक केलेली ती छोटी एसयूव्ही कुठे बनते?

उपेंद्र: कंपनी अमेरिकन आहे.

काव्या: बनते कुठे?

उपेंद्र: बोटीने येते.

काव्या: बाबा.

उपेंद्र: चीनमधूनच येते. खलास. झालं समाधान?

सुजाता: म्हणजे तुम्हीही लेकीला चिनीच गाडी देणार होतात, फक्त वर अमेरिकेचा बिल्ला लावून? अहो, मी हे काय ऐकतेय?

उपेंद्र: नको, सुजाता. आधीच पायाखालची वाळू सरकलीय.

(काव्या गाडीचं दार उघडते.)

काव्या: बाबा, ये ना. डू द डोअर थिंग.

उपेंद्र: कुठलं?

काव्या: तू कस्टमरला दार लावून आवाज ऐकवतोस ना, ते. लहान असताना मला शोरूममध्ये नेऊन शिकवलं होतंस. पोकळ वाजलं तर घ्यायची नाही. मी त्यांच्या शोरूममधल्या सगळ्या गाड्यांची दारं लावून बघितली. सेल्समन माझ्याकडे बघतच राहिला.

उपेंद्र: सरक जरा. लाव आता. परत लाव.

काव्या: वेल?

उपेंद्र: भरीव आहे. नीट बघून घेतलीस.

सुजाता: मग यल्ला, चला, नारळ फोडा. आणि उद्या नोमानसाहेबांना काय सांगणार आहात?

उपेंद्र: खरं तेच. मुलीने गाडी घेतली, आपली नाही घेतली, बुकिंग रद्द करा. मी तिला विचारलंच नव्हतं, हेही सांगेन.

सुजाता: आणि काढून टाकलं तर?

उपेंद्र: काढतीलही. भीती वाटतेय मला, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

काव्या: आय ॲम सॉरी, बाबा.

उपेंद्र: सॉरी कशाला? तू गाडी घेतलीस, चोरी नाही केलीस. कावू, सकाळी मला कामावर सोडशील?

काव्या: ऑफ कोर्स. मागे, त्या भिंतीपाशी?

उपेंद्र: नको. पुढच्या दाराशी उतरव.