आकड्याआधी वर आलेलं निशाण

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय कार्यकारी अभियंता साहेब. व्यासपीठावरील पाहुणे मंडळी. सत्कारमूर्ती दिनकरराव आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या आमच्या नर्मदावहिनी. पूर नियंत्रण कक्षातले माझे सहकारी, आणि परभणीच्या या उन्हात पंख्याखाली जागा मिळाली नाही तरी थांबलेल्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. संगणक शाखेच्या वतीनं दोन गोड शब्द बोलावेत, अशी सूचना आहे. गोड शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनी बरेच वापरले आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद होत्या, तेव्हा हा गृहस्थ पिंगळीहून रुळाच्या कडेनं पायी ड्यूटीवर यायचा, हेही खरंच आहे. पण एका गोष्टीपाशी आले की सगळेच वक्ते वळसा घालून गेले. मला ते जमणार नाही. अध्यक्ष महाराज, वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवायची तर खुशाल पाठवा.

मी एक्क्याण्णव साली इथं रुजू झालो. चोवीस वर्षांचा होतो, डोक्यात हवा होती. दिनकरराव तेव्हा बिनतारी संचावर बसायचे. नदीवर वरच्या अंगाला जी मोजपट्टी आहे, तिथला माणूस पाण्याची पातळी सांगायचा. दिनकरराव आकडा वहीत लिहायचे, तोच आकडा त्याला पुन्हा वाचून दाखवायचे, आणि तिकडून "बरोबर" आल्यावरच खालच्या गावांना कळवण्यासाठी घंटी दाबायचे. मी विचारलं, "दिनकरराव, आधी घंटी दाबली आणि मग लिहिलं, तर काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मार्तंडसायेब, घंटी ऐकली की मानूस पळाया लागतंय. आकडा बगाया कोन थांबतंय?"

मी हसलो. पुढच्याच वर्षी संगणक आला. मोजपट्टीला तार जोडली, तासातासाला आकडे आपोआप येऊ लागले. वाचून दाखवण्याची पद्धत बंद करावी, पडद्यावरचा आकडा अंतिम मानावा, असं परिपत्रक निघालं. त्याचा मसुदा कोणी लिहिला असेल, असं वाटतं तुम्हाला?

आता थोडं तांत्रिक बोलतो, पाहुण्यांनी सांभाळून घ्यावं. पडदा चालवणाऱ्या कार्यक्रमाला, म्हणजे प्रोग्रॅमला, वाटायचं, आपल्यापुढं बिनतारी संच आहे. प्रत्यक्षात तिथं संच नव्हताच, संचाचं सोंग घेतलेला माझा एक कार्यक्रम होता. आभासी यंत्राचा ड्रायव्हर म्हणतात त्याला. त्याचं काम एवढंच, आलेला आकडा यंत्राच्या स्मृतीत ठेवायचा आणि मग 'नवा आकडा आला' असं निशाण वर करायचं. निशाण दिसलं की पडदा आकडा उचलणार. म्हणजे दिनकररावांचंच काम, फक्त ते माणसानं करायचं नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात, पूर चढत असताना, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी निशाण वर झालं. पडद्यावर वेळ आली चार-दहा, आकडा आला चार मीटर. सोनपेठच्या बाजूला नदीकाठच्या पंपाच्या इंजिनावर आपल्या खात्याचे खलाशी, म्हणजे मजूर, बन्सीधर होते. दिनकररावांनी त्यांना कळवलं, "बन्सीधर, वर चारच हाय पानी. टाइम हाय, इंजिन काढून घे." तिकडून आवाज आला, "निगालोच." वर पाणी सातावर होतं. इंजिन तिसऱ्या दिवशी सापडलं. बन्सीधर पाचव्या.

चौकशी झाली. संगणकातल्या नोंदीत चार-दहाला सात मीटर, आणि दिनकररावांनी सांगितले चार. ते परत परत म्हणत होते, "पडद्यावर चारच व्हतं, सायेब." कोणी ऐकलं नाही. माझा कार्यक्रम कागदावर छापून तपासला. त्यात आधी आकडा, मग निशाण. क्रम अगदी बरोबर. मला निर्दोष ठरवलं, पाठही थोपटली. आणि मला हायसं वाटलं. हे वाक्य मी आज मुद्दाम, माइकसमोर बोलतोय. दिनकररावांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, 'निष्काळजीपणा'.

पुढच्या उन्हाळ्यात मी यंत्राच्या भाषेतला उतारा उघडून बसलो. आपण लिहितो ते यंत्राला कळेल अशा भाषेत बदलणारा एक वेगळा कार्यक्रम असतो. त्याला वाटलं, या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध नाही, फिरवल्या तर काम लवकर होईल. त्यानं फिरवल्या. निशाण आधी, आकडा नंतर. मधे क्षणाचा लाखावा भाग. नेमका तेवढ्यात पडदा डोकावला तर त्याला तासाभरापूर्वीचा जुना आकडा मिळणार, आणि लगेच मागून खरा आकडा जागेवर बसून नोंदीत जाणार. यावर उपाय म्हणून दोन ओळींच्या मधे एक अडसर टाकायचा असतो. वरचं पुरं होईस्तोवर खालचं करू नकोस, एवढंच तो सांगतो. त्या एका ओळीची मला तेव्हा गरज वाटली नव्हती.

मी तीन अर्ज केले. वरून उत्तर आलं, चूक होताना दाखवा. आठ दिवस खोटे आकडे भराभर सोडून जुना कार्यक्रम चालवला. कित्येक लाख वेळा आकडा आला, कित्येक लाख वेळा बरोबर आला. साहेब म्हणाले, ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी या. फाइल बंद झाली. माझ्याजवळ खरं आहे, आणि ते दाखवता येत नाही. आता ते कधी दाखवता येईल, अशी आशाही मी सोडली आहे.

गेल्या महिन्यात दिनकररावांना घेऊन मी सोनपेठच्या बाजारात गेलो. बन्सीधरांच्या पत्नी कडूबाई तिथं वांगी-मिरच्या घेऊन बसतात. दिनकररावांना पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. मी सगळं समजावून सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी मशीननं मागचं म्होरं केलं. मंग माज्या मानसाचं मी कुनाला इचारू?"

मला बोलायचं होतं. 'मला विचारा' एवढे दोनच शब्द होते. माझ्या तोंडून ते फुटले नाहीत. दिनकरराव पुढं झाले. "मला इचार, बाई. चूक माजीच हाय."

त्यानंतर कडूबाई त्यांना जे बोलल्या ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. पूर्ण बाजार बघत होता. त्यांचं बोलणं संपेपर्यंत हा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. परतीच्या एसटीत मी विचारलं, "असं का केलंत?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला धराया एक मानूस पायजे. मशीन कसं धरावं तिनं?"

मंडळी, शाल-श्रीफळ झालं, आता चहा होईल. सेवापुस्तकातला शेरा तसाच राहील. दिनकरराव उद्यापासून पिंगळीला असतील आणि गुरुवारच्या बाजाराला सोनपेठला जाणं टाळतील. आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल किंवा शब्द उणा-अधिक गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती जिथं मागायची होती, तिथं मी गप्प उभा राहिलो आणि माझ्या जागी हे बोलले.